नुसतं पेट्रोल

आमगावच्या त्या मिस्त्रीच्या दुकानासमोरून जायचं मी अजूनही टाळतो.

सालेकशाजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर घाणेरीचं रान माजलं होतं. ते काढायला मी झुडपं कापायचं पेट्रोलचं मशीन आणलं आणि पहिल्याच दिवशी जाम करून बसलो. दुसऱ्या दिवशी गड्याच्या खांद्यावर देऊन ते मिस्त्रीकडे नेलं.

मिस्त्री काढलेला एकेक स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत ओळीने मांडत होता. मग त्याने टाकीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि हुंगलं.

“येच्यात ऑइल कुठी हाय जी? निस्तं पेट्रोल टाकलं. कोनं टाकलं?”

“ह्या गड्यानं,” मी म्हणालो.

गडी दारातच उभा होता. त्याने मशीनला हातही लावला नव्हता. तो दिवसभर कोयत्यानेच कापत होता. तो नुसता रस्त्याकडे बघत राहिला.

मिस्त्री पुन्हा मशीनकडे वळला. दुपारपर्यंत त्याने नवा पिस्टन बसवला. मग पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं ते दाखवलं, पण गड्याला नाही, मला. माझ्याकडून एकदा करूनही घेतलं.

हात पुसायला त्याने फडकं पुढे केलं. मी पुसत असताना माझ्या तळव्यांकडे बघत तो हळूच म्हणाला, “मशीन चालवताना हातमोजे घालत जा जी. फोड आले तुमच्या हाताले.”

मी मुठी मिटल्या. गड्याने तोवर मशीन खांद्यावर घेतलं होतं.

हातमोजे मी त्याच दिवशी घेतले. गड्याची माफी अजून मागितलेली नाही.