बाईंची चुकांची वही

कुणी मराठी चुकीचं बोललं की वाघमारेबाईंचा चेहरा उजळायचा. आमची पहिली भेट झाली ती सांगलीच्या विश्रामबागेतल्या फळांच्या गाड्यापाशी. गाडेवाला बिहारकडचा. तो सहज म्हणाला, "ताई, आज मी लवकर आलो, सगळं काम केलो." बाईंनी हातातली पपई खाली ठेवली. "थांबा. पुन्हा म्हणा!" तो घाबरला आणि न विचारताच पपई बदलून देऊ लागला. बाईंनी पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली, त्याचं वाक्य लिहिलं, खाली त्याचं नाव विचारून लिहिलं आणि पुढे एकच शब्द: 'का?'

मग शेजारी उभ्या असलेल्या मला, अनोळखी माणसाला, म्हणाल्या, "आवं, मी गेलो, मी आलो, मग मी केलो का न्हाई? नियम त्यानं स्वतः शोधलाय. मोडलाय आपण!"

मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो होतो. 'केलो' ऐकलं की माझ्या दाताखाली खडा यायचा. या बाई तर तो खडा मोत्यासारखा जपून ठेवत होत्या. पुढच्याच महिन्यात आमच्या वाचनालयानं, कामासाठी सांगलीत आलेल्या परप्रांतीयांकरता संध्याकाळचा मराठी वर्ग काढला आणि आम्हा दोघांनाच बोलावलं. शिकवणं बाईंकडे, परीक्षा माझ्याकडे.

बाई माण तालुक्यातल्या. भाषाविज्ञान शिकायला पुण्याला गेल्या, त्यात पहिला वर्ग मिळवला, पण बोलणं माणचंच ठेवलं. मी एकदा भीत भीत कारण विचारलं. "शाळेत मी 'हाय' म्हणलं की गुरुजी वरडायचे, अशुद्ध! पण आमच्या गावात समदेच 'हाय' म्हणत हुते. समदी माणसं एकाच पद्धतीनं चुकायला लागली, की ती चूक नसती सर, नियम असतो. हे मला आठव्या वर्षी कळलं हुतं. पुण्यात फकस्त त्याचं नाव कळलं."

शिकणाऱ्याच्या भाषेबद्दलही त्यांचं असंच होतं. "आपलं गाव सोडून मराठीच्या गावाला निघालेला माणूस वाटंत मुक्काम करतो. त्या मुक्कामाची बी एक भाषा असती. तिला व्याकरण असतंय. आपण त्याला चुकला म्हणतो, त्यो तर निम्म्या वाटंवर आलेला असतो!"

वर्गात बँकेतले तिवारी होते. त्यांना मुलगी झाली तेव्हा त्यांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणले, डबा उघडला आणि आनंदानं जाहीर केलं, "चला, आम्ही पेढे खाऊया!"

"खावा की," बाई म्हणाल्या. "आमी बसतो बघत."

तिवारी डबा धरून तसेच उभे. बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट, 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून. हिंदीत दोन्हींना एकच 'हम'. "म्हंजे इतका वेळ मी तुम्हाला पेढे नाही म्हणत होतो?" तिवारींनी विचारलं, आणि वर्गात इतका हशा पिकला की शेजारच्या खोलीतला वाचक उठून आला. त्यालाही पेढा मिळाला.

त्या हशात बाईंना एक गोष्ट दिसली. केरळातून आलेली नर्स लिसी हा घोळ कधीच करत नव्हती. लिंगाच्या बाबतीत मात्र ती कच्ची. "डॉक्टर साहेब आली, गोळी दिला," असं बिनदिक्कत बोलायची. बाईंनी खोदून विचारलं. "आमच्यात पण दोन आहे, बाई," लिसी म्हणाली. "नम्मळ म्हणजे तुम्ही पण." क्रियापदाला लिंग मात्र तिच्या भाषेत नव्हतंच. बाईंनी टाळीच वाजवली. "बघा सर! घरून काय घेऊन आली आणि काय न्हाई, समदं दिसतंय!"

मला ते दिसलं, पण माझी प्रश्नपत्रिका छापून झाली होती. लिंग ओळखा. लिंग बदला. लिसी नापास झाली. दवाखान्यानं तिला मराठीच्या दाखल्याशिवाय कायम करायचं नाही असं ठरवलं होतं. दाखला नाही तर तिला परत जावं लागणार होतं.

बाई माझ्याकडे तरातरा आल्या. "तुमी तिला काय विचारलं? कवीचं स्त्रीलिंग! पेशंटला चक्कर आली तर ती काय 'कवयित्री, कवयित्री' म्हणत पळंल?"

"बाई, परीक्षा ती परीक्षा."

"कशाची परीक्षा, ते तरी ठरवा. तिला मराठी येतंय का, का तुमचं पुस्तक येतंय?"

दुसऱ्या दिवशी बाई वर्गातल्या बाकावर शाल पांघरून आडव्या झाल्या. त्या आता माणहून आलेली म्हातारी होत्या. लिसी नर्स. मी गुणांचा कागद घेऊन बसलो.

"आजी, सुई घेतला की बरा वाटेल," लिसी म्हणाली. मी दोन फुल्या मारल्या.

"न्हाई घेत जा! मी चालले घरला!" म्हातारी खरोखरच उठून बसली. लिसी बावरली. मग ती बाकावर म्हातारीशेजारी टेकली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, आपण आधी चहा पिऊया. मग आपण सुई बघूया. मग आपण दोघी बाहेर बसूया."

म्हातारीनं निमूट दंड पुढे केला. "आता मारा फुली," शालीतून बाईंचा आवाज आला.

मला मारता आली नाही. लिसीला दाखला मिळाला, आणि पुढच्या सत्रापासून परीक्षेत बाकावर झोपायचं काम माझ्याकडे आलं.

यंदा उन्हाळ्यात बाई लिसीच्याच वॉर्डात होत्या. नाकाला नळी, तरी कान टवकारलेले. "बाई, आपण उद्या थोडा चालूया," लिसी म्हणाली. बाईंनी मला बोटानं खूण केली: लिहा. मी 'थोडा' लिहून घेतलं. दोन दिवसांनी बाई गेल्या. वही लिसीनं माझ्या हाती दिली.

पुढच्या सोमवारी मीच वर्ग घेतला. इतकी वर्षं बोलता बोलता मी खिडकीजवळच्या बाईंच्या खुर्चीकडे वळायचो. त्या दिवशीही वळलो. "आपण हा वर्ग सुरू केला तेव्हा..."

तिवारी अजूनही सवयीनं वर्गाला यायचे. ते हळूच म्हणाले, "सर, 'आम्ही'. आम्ही कुठे होतो तेव्हा?"

बरोबर होतं त्यांचं. ऐकणारी खुर्ची रिकामी होती. बाईंना किती आनंद झाला असता! शिकवलेलं शिष्याला आलं होतं, आणि मास्तर चुकला होता.

घरी येऊन मी निळी वही उघडली. वाक्य लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं, आणि पुढे 'का?'