ती परत आली का

वहिनी गेल्यावर मोठा भाऊ उमरेडहून आमच्याकडे हुडकेश्वरला राहायला आला. टीव्ही लावायचा आणि खिडकीबाहेर पाहत बसायचा. त्याला घराबाहेर काढायचं म्हणून एका रविवारी सकाळी मी त्याला पडद्यावर ऑपेरा बघायला नेलं. ‘आपल्या संगीत नाटकासारखंच असते, फक्त भांडणंही गाऊनच करतात,’ एवढं ऑटोत सांगितलं. गोष्ट कशाची ते सांगितलं नाही. मला वाटलं, तो झोपेल.

आधी सत्कार झाले. पाहुण्यांचा, पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्यांचा, सभागृह मिळवून देणाऱ्यांचा. कुणी राहिलं असेल तर म्हणून शेवटी आयोजकांनी एकमेकांचाही करून घेतला. शाली संपल्या तेव्हा कुठे पडदा उजळला.

गोष्ट ग्रीकांची. एका गायकाची बायको मरते. तो गात गात पाताळात जातो. तिथल्या देवांना पाझर फुटतो. ने तिला, म्हणतात, पण वर पोहोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही.

भाऊ झोपला नाही. गायक वळला, ती कोसळली आणि सभागृहातले दिवे लागले. एक वाजता तिथे वधू-वर मेळावा होता. सत्कारांनी खाल्लेला वेळ ऑपेराच्या शेपटातून कापला गेला. आयोजकांनी रसिकांचे आभार मानले, रसिकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्ट इथेच संपते असं बहुतेकांना वाटलं असावं.

बाहेर टपरीवर चहा घेताना भावाने विचारलं, “संपलं का गा?”

“नाही. थोडं राह्यलं.”

“मंग? आली का ते बाई परत?”

मूळ कथेत ती येत नाही. ऑपेरात येते. प्रेमाचा देव ऐन वेळी प्रकट होतो, तिला उठवतो आणि मग सगळे नाचतात. पहिला खेळ राजाच्या समारंभात होता म्हणे, तिथे रडून कसं चालेल. या शेवटाची मी वर्षानुवर्षं टिंगल करत आलो आहे.

“आली,” मी म्हणालो.

“त्यानं वळून पाह्यल्यावरही?”

“हो.”

तो कपाकडे पाहत राहिला. चहावर साय धरली.

“मडकं फोडल्यावर घाटावर मले सारे म्हणाले, आता मागं पाहू नको, सरळ चाल. मी चाललो. एकदाही नाही पाह्यलं.” मग म्हणाला, “पाह्याले पाह्यजे होतं गा.”

मी घाईने खरं काय ते सांगून टाकलं. “दादा, खरी गोष्ट तशी नाही. ते नाटकवाल्यांनी मागाहून जोडलं. खरं म्हणजे ती नाही येत. तो वळला म्हणूनच गेली.”

“नसन आली,” तो म्हणाला. “पण त्यानं पाह्यलं तरी.”