पाय बघणारा

काही वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, क्रांती चौकाजवळच्या एका पूल पार्लरमध्ये उत्तमनं शेवटचा काळा बॉल पॉकेटात घातला. मी म्हणालो, ‘उचलला.’ उत्तम हरला. एवढं तिथल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही — माझ्या बायकोला नाही, उत्तमला तर नाहीच. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय.

बातमी लिहायला बसतो तसाच बसलो होतो. कोण, कुठं, केव्हा — हे भराभर झालं. ‘का’पाशी हात थांबला. म्हणून आधी उत्तमबद्दल सांगतो. चालेल ना?

उत्तम मूळचा गंगापूरकडचा, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. पहिली पाळी करून तो दुपारी सुटायचा. माझी वर्तमानपत्रातली ड्यूटी संध्याकाळी सुरू व्हायची. मधला वेळ आमचा दोघांचा, हमीदचाचांच्या पार्लरमध्ये. तो कानात मशीनचा आवाज घेऊन यायचा आणि पहिला अर्धा तास सगळ्यांशी ओरडून बोलायचा. हसू यायचं. अजून येतं.

उत्तम बुटका आहे. मारायचा तो पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध थांबला की त्याचा हात पुरायचा नाही. अशा वेळेसाठी एक लांब काठी असते, टोकाला फुली असलेली. त्या फुलीवर क्यू, म्हणजे खेळायची काठी, टेकवून मारायचं. तिला रेस्ट म्हणतात. आमच्या पार्लरमध्ये तिला ‘बुढ्ढे की लाठी’ म्हणत. कुणी ती हातात घेतली रे घेतली की चारी बाजूंनी म्हातारा खोकला सुरू व्हायचा. तेव्हा काठी भिंतीला टेकलेलीच राहायची आणि उत्तम आपले मार्ग शोधायचा.

ते मार्ग कुठल्या प्रशिक्षकानं शिकवलेले नव्हते. डावा हात वळावा म्हणून त्यानं महिनोन्‌महिने चहाचा कप डाव्या हातात धरला. शर्टाचे डाग त्याची बायको अजून सांगते. एका बाजूला टेबल खांबाला इतकं चिकटून होतं, की क्यू मागे खेचायला जागाच नव्हती. तिथं तो क्यू जवळजवळ उभा धरायचा, उखळात मुसळ धरावं तसा, आणि वरून टिचकी मारल्यासारखा मारायचा. पांढऱ्यापुढं दुसरा बॉल आडवा आला तर पाचही बोटं टेबलावर उभी करून त्यांच्या वरून क्यू न्यायचा. आणि सगळ्यात अवघड — पाठीमागचा फटका. टेबलाच्या काठावर एक मांडी टाकायची, क्यू कमरेमागून आडवा घ्यायचा, मान वळवून बघायचं आणि मारायचं.

पण नियम असा, की मारताना एक तरी पाय जमिनीला टेकलेला हवा. बुटक्या माणसाचा टेकतो कुठं? उत्तम त्या फटक्याआधी चप्पल काढायचा आणि डाव्या पायाचा अंगठा फरशीवर रोवायचा. फक्त अंगठा. त्याच्यामुळं पार्लरमध्ये एक रीतच पडली. तो काठावर बसला की गल्ल्यावरून हमीदचाचा ओरडायचे, “पाँव कौन देख रा?” मग कुणीतरी उकिडवं बसून पाय बघायचं आणि फटका झाल्यावर ‘टेकला’ किंवा ‘उचलला’ म्हणायचं. पाय बघणाऱ्याचा शब्द शेवटचा. त्यावर वाद नाही.

हे काम बहुतेकदा माझ्याकडं यायचं. “अखबारवाला है, झूट नइ बोलता,” चाचा म्हणायचे. उत्तम वरून म्हणायचा, “चाचा, अखबारवाला हाय म्हणूनच तर भीती वाटती.” सगळे हसायचे. मीही.

त्या मे महिन्यात पार्लरमध्ये स्पर्धा झाली. पुण्यातल्या एका क्लबला शिकवायला माणूस हवा होता. जो जिंकेल त्याला ते ठेवून घेणार होते. उत्तमला ती जागा हवी होती — किती हवी होती, कसं सांगू? मशीनवरून सुटायचं होतं त्याला. “भाऊ, आता लई झालं,” तो म्हणाला होता. “रातच्याला निजलो तरी कानात प्रेस आपटतंय. तिथं नुस्ता बॉलचा आवाज.” बायकोनं पुण्यात मुलीच्या शाळेची चौकशी करून ठेवली होती. चाचांनी शुभ दिवस म्हणून शिरखुर्मा करून आणला होता, ईद नसताना.

अंतिम सामना कॉलेजच्या एका उंच खेळाडूशी होता. शेवटी दोघांचाही फक्त काळा बॉल उरला. पाळी उत्तमची. पांढरा थांबला नेमका मधोमध. उत्तमनं चप्पल काढली, काठावर बसला. चाचा ओरडले. मी उकिडवा बसलो.

आता इथं मला नीट सांगायला हवं.

मी काय पाहिलं? अंगठा पाहिला. तो फरशीवर होता. दाबानं त्याचं नख पांढरं पडलं होतं. वर क्यूचा आवाज झाला, बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज झाला, तेव्हाही नख पांढरंच होतं. मग ते हळूहळू पुन्हा गुलाबी झालं. इतक्या जवळून पाहिलं मी. चूक होण्याइतकं अंतरच नव्हतं.

“उचलला,” मी म्हणालो.

फाऊल करून काळा बॉल घातला की खेळाडू तिथंच हरतो. उंच खेळाडू जिंकला आणि पुण्याला गेला.

का? उत्तमशी माझं वैर नव्हतं. त्या उंच खेळाडूला मी ओळखतही नव्हतो. उत्तम पुण्याला गेला असता, तर माझी दुपार रिकामी झाली असती — एवढंच. हे आधी ठरवलं होतं का? नाही. पण त्या आठवड्यात तो पुण्याबद्दल बोलायला लागला, की मी दर वेळी विषय बदलत होतो. हे मला आठवतं.

उत्तमनं वाद घातला नाही. रीतच होती ती. मला वाटलं होतं, निदान चिडेल. तो चप्पल शोधत खाली वाकला आणि म्हणाला, “मला वाटलं टेकलाय. पण तू म्हणतूस म्हणजे उचलला आसंल.” त्या दिवशी शिरखुर्मा मी पण खाल्ला.

त्यानंतर त्यानं पाठीमागचा फटका सोडला. मग डाव्या हाताचा. साधा फटका मारतानाही तो खाली बघून विचारायचा, “टेकलाय का रे?” — दोन्ही पाय जमिनीवर असताना. शेवटी एक दिवस त्यानं भिंतीची काठी उचलली. कुणी खोकलं नाही. आता सुटीच्या दिवशी तो नव्या लोकांना शिकवतो, आणि सगळ्यात आधी रेस्ट हातात देतो. “पायावर इश्वास ठिवू नका,” म्हणतो. कारखाना तोच आहे, मशीन तेच. आता उजव्या कानानं कमी ऐकू येतं. गावाहून आला की माझ्यासाठी न चुकता हुरडा नाहीतर ऊस आणतो. माझ्या मुलीला डाव्या हातानं खेळायला त्यानंच शिकवलं. आमच्या दुपारी अजून आमच्याच आहेत. मला हव्या होत्या तशाच.

गेल्या रविवारी हे सगळं त्याला सांगायचं ठरवून मी लवकर गेलो. चाचा नमाजाला गेले होते. आत उत्तम एकटाच होता. काठावर बसलेला, क्यू कमरेमागं, चप्पल बाजूला. इतक्या वर्षांत मी त्याला तसं पाहिलं नव्हतं. मला बघून तो लाजला.

“आलाच हाईस तर पाय बघ.”

मी उकिडवा बसलो. बॉल गेला.

“टेकला,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

तो खाली उतरला. पायात चप्पल सरकवली. डावा कान माझ्याकडं करून, अगदी सहज विचारलं त्यानं, “मंग त्याच दिवशी कसा काय उचलला रे?”

मी खडू घेतला आणि क्यूच्या टोकाला घासत राहिलो. मग त्यानं बॉल पुन्हा लावले. आम्ही दोन डाव खेळलो. माझ्या ड्यूटीची वेळ झाली. ‘येतो’ म्हणालो आणि ऑफिसला गेलो.