लढाईवर न गेलेली जीप

मी जुनी जीप विकत घेतली आणि घेताना तिच्याखाली वाकून पाहिलं नाही.

हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर चाललं असतं. मी मोटार सर्व्हेअर आहे. म्हणजे ठोकलेली गाडी बघायला विमा कंपनी ज्याला पाठवते, तो माणूस. गाडी कुठली, कधीची, खरंच ठोकली की ठोकल्याचं नाटक आहे, हे मी सांगतो. नवीन पोरांना माझा पहिला धडा हाच असतो: रंग बघू नका, आधी आडवे व्हा. गाडी वरून खोटं बोलते, खालून नाही.

पण त्या दिवशी मी पुतणीच्या साखरपुड्याला निघालो होतो आणि अंगात पांढराशुभ्र झब्बा होता. वाटेत भायखळ्याला एका डीलरच्या आवारात ही उभी दिसली. उघडी, चौकोनी तोंडाची, लालभडक. झब्ब्यात आडवं कोण होणार? मी खिशातलं नाणं काढलं आणि मडगार्डवरचा रंग खरवडला. खाली हिरवा निघाला.

"आर्मी!" मी म्हणालो.

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच, साहेब," डीलर म्हणाला. पुढे बोलायची त्याला गरज नव्हती. त्याने पावतीपुस्तक उघडलं.

साखरपुड्यात मी निम्म्या हॉलला सांगून टाकलं की दुसऱ्या महायुद्धातली जीप घेतली. लोक नवऱ्या मुलाला सोडून माझ्याभोवती जमले. वहिनी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

जीप लालबागला आमच्या चाळीच्या आवारात येऊन उभी राहिली. पाठोपाठ महापालिकेने पाइप टाकायला गेटसमोर चर खणला आणि नुसत्या मातीने बुजवला. पावसाने त्याचा चिखल झाला. मग आमच्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी सावंत आले.

"परबांनू, रविवारी मंडपाचे वासे उभे रवतले. तुमचो ह्यो रणगाडो हलवा."

"हलवतो की."

मी इंजिन चालू केलं. इंजिन खणखणीत होतं. गेटपर्यंत ऐटीत गेलो. चिखलात मागची चाकं जागच्या जागी गरगरली, गाडी रुतली आणि सावंतांच्या पांढऱ्या लेंग्यावर नक्षी उठली. दहा जणांनी ढकलून ती परत आत आणली.

लेंगा झटकत सावंत म्हणाले, "भंगारवाल्याक सांगलंय. शनिवारी येतलो. गॅसकटर लावून हयच कापतलो."

मला असं काही ऐकवलं की माझं डोकं फिरतं. "कापायला या," मी म्हणालो. "मी आत बसलेला असेन. आधी मला कापा. गाडी या गेटातून जाईल ती स्वतःच्या चाकांवर, एकाचाही हात न लागता."

गॅलरीत टाळ्या पडल्या. माझ्यासाठी होत्या की गॅसकटरसाठी, ते कळलं नाही.

आता थोडं समजावून सांगतो. अशा जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असतात. एक ओढली की पुढच्या चाकांनाही इंजिनचा जोर मिळतो, म्हणजेच फोर-व्हील. दुसरी ओढली की गाडी बैलासारखी सावकाश आणि तितक्याच ताकदीने चालते. त्या दोन्ही मी चिखलातच ओढून पाहिल्या होत्या. पुढची चाकं ढिम्म हलली नव्हती.

तेव्हा कुठे मी जुनी पँट चढवून खाली आडवा झालो. सोबत माझा जुना मित्र, गॅरेजवाला नंदू.

पहिली गोष्ट, इंजिनची ताकद पुढे नेणारा लोखंडी दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, जागेवरच नव्हता. कोणीतरी काढून घेतला होता.

दुसरी गोष्ट, महायुद्धातल्या जीपच्या तोंडाला नऊ उभ्या फटी असतात. हिला सात. तिचे दिवे आत वळवून इंजिनवर उजेड पाडता येतो. हिचे वळेनात. मी हिरवा रंग आणखी खरवडला. त्याखाली निळा निघाला, निळ्याखाली पिवळा. कुठलंही सैन्य पिवळ्या जीपमधून लढत नाही.

"भाई," नंदू शांतपणे म्हणाला, "ही कुठल्या लढाईवर गेली होती म्हणालास?"

तोवर मला तिसरी गोष्ट दिसली होती. चॅसीला खाऱ्या पाण्याचा गंज होता. पुढच्या अ‍ॅक्सलभोवती नायलॉनचा धागा गुंडाळून गुंडाळून दगड झाला होता. तो धागा मासेमारीच्या जाळ्याचा. आणि हे रंग गाडीचे नव्हतेच. होडीला लावून उरलेले होते.

डीलरला फोन लावला.

"हो, वरळी कोळीवाड्यातली. होड्या ओढायची."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही 'आर्मी' म्हणालात. मी कोण सांगणार?"

नंदूने उपाय काढला. "लष्करी हिरवा मारू, बॉनेटवर पांढरा तारा काढू. कोणाच्या बापाला कळतंय?"

खोटं कशाला बोलू, अर्धा दिवस मी तयार होतो. पण रंगाने शाफ्ट येत नाही. बाजारातलाही चालेना. कोणीतरी मूळ इंजिन काढून डिझेल बसवलं होतं, त्यात गिअरबॉक्स सरकला होता. त्या मापाचा शाफ्ट या जगात एकच असणार.

डीलरकडून पत्ता घेऊन मी कोळीवाड्यात गेलो, तर तो तिथेच होता. बोटीच्या सामानात, ग्रीस लावून गोणपाटात बांधलेला. गाडीच्या जुन्या मालकीणबाई सुकटाच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या.

"जालं अडकलं न् पुढची चाकं धरली, तवा धन्यानं दांडा काढून ठेवला," त्या म्हणाल्या. "मंग ते गेलं. पोरांनी गारी इकली. मना इचारलं नाय. म्हून दांडा मी दिला नाय."

"मावशी, तो मिळाला नाही तर शनिवारी गाडी कापतील."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू काय करतंस?"

"गाड्या ओळखतो."

"न् हिला काय ओळखलंस?"

मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या दोघी बघायला आल्या. हसून झाल्यावर त्यांनी गोणपाट माझ्या मांडीवर टाकलं. "ने. पण लराईची म्हणून रंगवलीस तर दांडा परत आणायचा. आमची गारी कुनाच्या लराईवर नाय गेली. तिनं आमच्या होऱ्या वर काढल्या."

परत येताना मी नंदूला सांगितलं, तारा नाही, हिरवा नाही. होडीची गाडी म्हणून बाहेर काढायची, आणि कोणाला खुपलं तर खुपू दे.

मग आम्ही कामाला लागलो. अ‍ॅक्सलवरचा नायलॉन सुरीने कापून काढला, बेअरिंगं बदलली. ब्रेक मिठाने धरले होते, ते सोडवले. शाफ्टच्या दोन टोकांना सांधे असतात, मेकॅनिक त्यांना क्रॉस म्हणतात. ते नवे बसवले. पहिल्या खेपेला मी शाफ्ट उलटा धरला होता. नंदूने जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.

शनिवारी भंगारवाला सिलिंडर घेऊन हजर. सावंत छत्री घेऊन लांब उभे. मी दोन्ही दांड्या ओढल्या आणि क्लच सोडला. गाडी चरात उतरली. चिखल दिव्यांपर्यंत आला. वरून कोणीतरी ओरडलं, "गेली, गेली!" तेवढ्यात पुढच्या चाकांनी माती धरली आणि जीप घोरपडीसारखी पलीकडे चढली. एकाचाही हात लागला नाही.

"आधी सांगूचा नाय, चलता म्हणून?" सावंत ओरडले.

"सांगितलं होतं!" मीही ओरडलो आणि न थांबता तशीच वरळीला नेली.

यातून शिकण्यासारखं एवढंच: गाडी विकत घ्यायला जाताना झब्बा घालू नये.

मावशींनी जीपभोवती एक फेरी मारली. चाकांवर हात ठेवला, लाल रंगाला नाक मुरडलं, वाकून शाफ्ट पाहिला. मग मी ऐटीत गाडी वळवायला गेलो. दांड्यांच्या गर्दीत रिव्हर्सऐवजी भलताच गिअर पडला, जीप पुढे उसळली आणि सुकटाच्या दोन टोपल्या आडव्या करून बंद पडली.

मावशी टोपली उचलत म्हणाल्या, "गारी बरी झाली रं. आता चालवाला मानूस बघ."