उंदीर साथीने मेले नव्हते

डॉ. उषा तुळसकर यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत फरशीवर उकिडव्या बसल्या होत्या. मी तळेऱ्याहून आलेला नवा हंगामी साहाय्यक. समोर दोन वाटांच्या तिठ्यावर एक उंदीर थांबला होता. एका वाटेला थोडे शेंगदाणे, दुसरीला पुष्कळ, पण मध्ये जाळीची उंच भिंत. मी त्याला ढोसायला हात पुढे केला.

"तेका घाई करू नको रे," बाई म्हणाल्या. "तो इचार करता हा."

उंदीर भिंत चढला. मेंदूच्या पुढल्या भागातली एक जागा औषधाने तासभर बधिर केली की तोच उंदीर सोपी वाट धरी. भूक तीच, पाय तेच. मिळकतीसाठी कष्ट घ्यावेत की नाही, हे तोलणारे जाळे तेवढे गप्प झालेले. हे जाळे कसे चालते, याच्या शोधात बाईंनी उमेदीची वर्षे घातली.

बाईंच्या या गौरव-अंकाच्या संपादकांनी मला बजावले आहे की 'ती जुनी भानगड' लिहू नका. मी लिहिणार.

एका मे महिन्यात बाई प्रयोगाच्या परवानगीच्या कागदांसाठी ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या होत्या. कॉलेजच्या संचालकांना उंदरांची खोली पाहुण्यांसाठी हवी होती. त्यांनी पिंजरे गच्चीवर नेऊन ठेवायला लावले. पाणी नाही, सावली नाही. दुपारी बाई परतल्या तेव्हा एकही उंदीर जिवंत नव्हता. बाईंनी एकेक पिंजरा उघडून पाहिला.

मग संचालकांकडून तयार अहवाल आला : 'उंदीर साथीने दगावले.' सही करा, प्राचार्यपद तुमचेच, असे बाईंना सांगण्यात आले. बाईंनी कागद परत केला. साहाय्यक म्हणून सही मी केली. नोकरी जाईल या भीतीने.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुझ्यार माझो राग नाय. पण ते साथीन मेले नाय, ह्या तुका म्हायत आसा."

प्राचार्यपद दुसऱ्यांना मिळाले. बाई पुढे प्रत्येक सुट्टीत परगावच्या विद्यापीठात जाऊन तोच प्रयोग पहिल्यापासून करत राहिल्या. मदतीला त्यांनी मलाच नेले. काम पुरे झाले, छापून आले. आमच्या कॉलेजने त्याची साधी दखल घेतली नाही.

आणि आज बाईंच्या सत्काराला कॉलेजची तीच मंडळी शाल-श्रीफळ घेऊन उभी आहेत! बाईंच्या निष्ठेवर भाषणे करणार आहेत. मला संताप येतो, त्यांचा आणि माझ्या त्या सहीचाही. ती सही मी या लेखाने जाहीरपणे मागे घेत आहे.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. इतके की कॉलेजने तो अहवाल खोटा होता असे लिहून द्यावे, आणि ते बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे.