चौथा माणूस आणि दुसऱ्याची म्हैस

त्या काळी कोल्हापुरात एकाचा फोटो काढता येई, दोघांचा येई, वीस जणांचा तर फारच आनंदाने येई. तिघांचा मात्र कोणी काढू देत नसे. तिघांतला एक जण वर्षभरात मरतो अशी सगळ्यांची खात्री होती, आणि तो एक म्हणजे आपणच, अशी प्रत्येकाची.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. ‘ऋतू आणि व्यवसाय’ या धड्याला पुस्तकात जी चित्रे होती, त्यातला शेतकरी कुठल्या मुलखातला ते त्याच्या पागोट्यावरूनही कळत नसे. म्हणून मी एक जुना डबा कॅमेरा विकत घेतला. एका रोलात आठ फोटो. मोडण्यासारखे आत काही नव्हते, हे मला पटले. वय चाळिशीला टेकलेले, नोकरी कायमची. घरात जाब विचारणारे कोणी नव्हते. गल्लीत सगळेच होते, पण त्यांना मी कधी उत्तर देत नसे.

चैत्रात पहिला रोल घालून रंकाळ्यावर गेले. तीन बायका वाकळ आपटत होत्या. मी कॅमेरा पोटाशी धरला तोच एकीने हात वर केला.

“बाई, थांबा! तिघी हाय की आम्ही!”

“मग काय झालं?”

“काय झालं म्हणं! तुमचं काय जातंय? मरणार आम्ही!” असे म्हणून तिने रस्त्याने चाललेल्या माणसाला हाक मारली. “ओ पावणं! या की फोटूत!”

पावणं गंगावेशीतला गवळी निघाला. संध्याकाळी म्हैस रस्त्यावर आणून गिऱ्हाइकाच्या लोट्यात धार काढून देणारा. वय तिशीपुढचे, मिशी भरघोस. तो मधोमध येऊन उभा राहिला आणि कॅमेऱ्याकडे पाहू लागला. माझ्या ‘धुणे धुणाऱ्या स्त्रिया’ या चित्रात अशी एक मिशी आली.

पावसाळ्यात डबा कॅमेरा म्हणजे नुसता डबा. तरी मी पन्हाळ्यावर गेले आणि धुक्याचे तीन फोटो काढून आणले. तिन्ही कोरे कागद. वर्गात मी एक दाखवून ‘हा पन्हाळा’ म्हटले, मुलींनी वहीत उतरून घेतले. श्रावणात पंचगंगेला पाणी चढले. घाटावर तिघे पैलवान पाणी बघत उभे होते. पुन्हा तीच आरडाओरड, आणि पाणी बघायला आलेला गवळी पुन्हा चौथा. गौरी-गणपतीला केळीची पाने विकणाऱ्या तिघींतही तो होता. गंगावेशीतून जो रस्ता निघेल त्यावर तो असायचाच.

एक मुलगी म्हणाली, “बाई, हे काका सगळीकडं कसे?”

“ते कोल्हापूरचे हवामान आहे,” मी म्हटले. “पुढचा धडा काढा.”

आश्विनात तो शाळेच्या फाटकाशी आला.

“बाई, माझा एक फोटू काढा. हातकणंगल्याचं स्थळ आलंय. आधी फोटू धाडा म्हणत्यात.”

तीन ठिकाणांहून त्याला नकार आला होता. गवळ्याच्या घरी पहाटे उठायला कुठली पोरगी तयार होते? आईचे गुडघे गेलेले, शेण काढायला ती वाकू शकत नव्हती. हे चौथे स्थळ गेले तर पुढे कोणी विचारणार नाही, हे त्यालाही माहीत होते.

“स्टुडिओत जा की,” मी म्हटले.

“तितं मागं राजवाड्याचा पडदा लावत्यात. गवळ्याच्या मागं राजवाडा? पोरगी हसंल.”

“बरं, उद्या सकाळी येते. एकटाच उभा राहा.”

“एकट्याचा न्हाय काढायचा, बाई. एकट्याचा फोटू भिंतीवर जातोय, हारासकट.”

म्हणजे एक नको, तीन नकोत. उरले दोन. दुसरी म्हैस.

सकाळी गोठ्यासमोर गेले. रोलात एकच फोटो शिल्लक होता. त्याची म्हैस भिंतीच्या सावलीत उभी. काळी कुळकुळीत, एक शिंग वाकडे. उन्हात यायला तयार नाही. ओढली तर तिने लाथ झाडली. शेजारी उन्हात एक दुसरी म्हैस शांतपणे रवंथ करत होती. अंगाने भरलेली, कपाळावर पांढरा चांद.

“हिच्याजवळ उभा राहा.”

“बाई, ती शेजाऱ्याची हाय.”

“फोटोत मालकाचं नाव उमटत नाही. उभा राहा.”

तो राहिला. मला तो उजेडाचा प्रश्न वाटला होता.

फोटो गेला आणि निरोप आला, ‘पाडव्याला येतो.’ दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून रस्त्याने पळवतात. शिंगे रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा. मी नवा रोल घालून गर्दीत उभी होते. हातकणंगल्याहून मुलीचा बाप आणि आत्या आले होते. गवळी इस्त्रीचा सदरा घालून त्यांच्यापुढे उभा, पण बाप त्याच्याकडे बघायला तयार नाही, रस्त्याकडेच बघतोय. तेवढ्यात कपाळावर चांद असलेली ती म्हैस दणादणा आली.

“हीच ती!” बाप ओरडला. त्याने धावत जाऊन तिच्या मालकाला मिठी मारली. “रामराम पावणं! पोरगी तुम्हांलाच दिली म्हणा की!”

मालकाच्या मागे त्याची बायको उभी होती, पदराला चार पोरे.

“कुणाची पोरगी? कुणाला दिली?” तिने कमरेवर हात ठेवून विचारले.

गवळ्याचा चेहरा पुरात धुऊन निघावा तसा झाला. पळून जायला मला गर्दी पुरेशी होती, पण माझ्या फोटोने त्याचे लग्न मोडलेले मला चालणार नव्हते. मी पुढे झाले.

“चूक माझी. ती म्हैस उजेडात होती म्हणून मी घेतली. माणूस मात्र खरा आहे.”

“माणूस कुणी बगितलाय?” बाप म्हणाला. “आम्ही म्हैस बगून आलोय!”

तेव्हा भिंतीच्या सावलीत उभ्या असलेल्या आपल्या म्हशीकडे बोट करून गवळी पहिल्यांदा बोलला. “माझी ही. एक शिंग वाकडं. नव्या माणसाला लाथ मारती. उन्हात येत न्हाय. पर दुधाला हिच्यासारखी गंगावेशीत दुसरी न्हाय.”

आत्याने काष्टा आवळला, चरवी मागितली आणि धार काढायला सरळ खाली बसली. म्हशीने लाथ मारली. चरवी गटारात गेली. आत्या उठली, लुगडे झटकले.

“म्हैस लबाड न्हाय,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “न्हाय पटलं तर तोंडावर सांगती.” मग भावाला म्हणाली, “चल. कळवू.”

महिना गेला तरी काही कळवले नाही. गवळी माझ्याशी बोलेना, माझ्या फोटोतही येईना. मार्गशीर्षात गुऱ्हाळावर तिघे काहिल उतरवत होते. चौथा मिळेना, म्हणून चुलीत पाचट सारणाऱ्याला उठवून आणावे लागले. त्याला मिशी नव्हती. चित्र अपुरे वाटले, आणि ते वाटल्याचा मला रागही आला.

माघात तो फाटकाशी उभा राहिला. “बाई, कॅमेरा घ्या.”

आत्याचा होकार आला होता; लग्न हातकणंगल्याला होऊन वरात घरी आली होती. मी गोठ्यासमोर नवरा-नवरीला उभे केले. पाठराखीण म्हणून आलेली आत्या नवरीला चिकटून उभी राहिली. लगेच ओरडा झाला, “तिघं! तिघं!”

“बाई, तुम्हीच या की चौथ्या,” गवळी म्हणाला.

“मग बटण तुझी म्हैस दाबणार?”

नवरीने मान वर केली.

“तिला आणा,” ती म्हणाली. “आणि ह्या टायमाला खरी आणा.”

खरी आणली. ती उन्हात आली, उभी राहिली, आणि मी बटण दाबले त्याच क्षणी मान फिरवली. फोटोत तिला दोन तोंडे आणि चार शिंगे आहेत, त्यातली दोन वाकडी. नवरा-नवरी हसताहेत, आत्या हसत नाही. ‘व्यवसाय : दूधदुभते’ म्हणून मी तो वर्गात लावला. दोन तोंडांबद्दल मुलींनी विचारले, तेव्हा खरे काय ते सांगितले.