सत्तावीस बायांची फाईल

सिंदी मेघेत माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून राकेश थूलचं टायपिंगचं दुकान आहे. माणूस सरळ, पण नियमांचा इतका पक्का की कधी कधी डोक्यात टपली मारावीशी वाटते.

त्याच्याकडे संगणक एकच, पण त्यात दोन चालतात. बाहेर फुकटचं लिनक्स आणि त्याच्या आत एका चौकटीत जुनं विंडोज, जसा काही वेगळाच संगणक. त्याचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्या जुन्या विंडोजवरच चालतं. गिऱ्हाइकांचे व्हायरसने भरलेले पेन ड्राइव्हही तो तिथंच उघडायचा. विंडोज नवं कोरं असताना त्याने त्याची जशीच्या तशी प्रत ठेवली होती. दुकान बंद करताना बटण दाबलं की आतलं सगळं त्या पहिल्या दिवसावर परत जायचं, दिवसभराची घाण साफ. टाईप केलेलं काम त्याआधी दोन्हींच्या सामाईक फोल्डरमधून बाहेर काढायचं, प्रिंटरही बाहेरच्यालाच जोडलेला. आत लावलेला पेन ड्राइव्ह बाहेर लावायचा नाही म्हणजे नाही. बायकोला, नंदिनीला, कळावं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर कागद चिकटवला होता: दुकान बंद करताना विंडोज मागे नेणे.

मार्चमध्ये पवनारच्या देवकाबाई आल्या, पंच्याहत्तरीच्या. छप्पन साली त्यांच्या माहेरच्या गावातून सत्तावीस बाया बैलगाड्यांनी नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. देवकाबाई तेव्हा सहा वर्षांच्या, आईला चिकटून बसलेल्या. पुढे त्यांनी त्या प्रत्येक बाईवर एकेक गाणं रचलं. कोण कुठली, वाटेत कोण रडली, कोण भाकरी घरीच विसरली, सगळं त्यात होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि त्या बायांपैकी आता कुणी उरलेली नाही.

"मी गेली का ह्या बायाबी गेल्या, बाबू. तू लिहून घेजो, पुस्तक करून देजो," त्या राकेशला म्हणाल्या.

रोज दुपारी त्या बसने यायच्या आणि गायच्या. राकेश मान खाली घालून टाईप करायचा. माझं मशीन थांबायचं, गिऱ्हाईक ओरडलं तरी.

नेमकं पहिलं गाणं झालं त्याच दिवशी लिनक्स अपडेट झालं आणि तो सामाईक फोल्डर बंद पडला. गाणी आतच अडकली.

"पेन ड्राइव्हवर घे ना बे," मी म्हटलं.

"नियम मोडला का व्हायरस बाहेर येते, भाऊ. फोल्डर दुरुस्त करतो न. तोवर मागंच नेत नाई."

तीन आठवडे त्याने मागे नेलं नाही आणि फोल्डरही दुरुस्त केला नाही. मला आजही राग येतो. त्याचा येतो आणि माझाही, कारण मी दुसऱ्यांदा बोललो नाही.

सत्ताविसावं गाणं झालं आणि दुसऱ्या दिवशी तो हिंगणघाटला लग्नाला गेला. दुकानात नंदिनी होती. फोल्डरचं तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. दिवसभर संगणक रखडला. संध्याकाळी तिने भिंतीकडे पाहिलं आणि बटण दाबलं. आत्ताचं ठेवायचं का, असं संगणकाने विचारलंसुद्धा. तिने नाही म्हटलं. तसंच तिला शिकवलेलं होतं.

सकाळी फाईल नव्हती. नागपूरहून बोलावलेल्या संगणक दुरुस्तीच्या माणसानेही दोन दिवस खटपट करून हात टेकले. नंदिनी कोपऱ्यात बसून रडत होती.

"तू काऊन रडून राह्यली? अक्षर माझंच हाय," राकेश म्हणाला आणि त्याने भिंतीवरचा कागद नखाने खरवडून काढला.

"देवकाबाई पुन्हा गातील ना," मी म्हटलं. तेवढाच आधार होता. त्याने फोन लावला. त्यांच्या सुनेने, सपनाने, उचलला. परवा सकाळीच त्यांना लकवा मारला होता आणि वाचा गेली होती.

"पुस्तक तेवढं लवकर द्या, भाऊ," सपना म्हणाली. "त्यायच्या हातात ठेवू."

राकेशने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मग कोरी वही घेऊन पवनारला निघाला, मी सोबत. खाटेशी बसून त्याने देवकाबाईंना खरं ते सांगितलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग तो आठवून आठवून विचारायला लागला.

"पयली कौतिका, बरोबर?"

त्यांनी मान हलवली. राकेशने नाव लिहिलं.

"भाकर विसरली ते भागरता?"

पुन्हा मान हलली. नऊ नावं झाली. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलं. मलाही वाटलं, हळूहळू सगळ्या बाया परत येतील.

दहाव्या नावाला तो अडला. दर वेळी देवकाबाईंची मान अगदी सारखीच हलली होती, हे त्याला खटकलं. मग घाबरत घाबरत त्याने विचारलं, "अन् नंदिनी? नंदिनीबाई गेलती का तुमच्यासंग?"

देवकाबाईंनी मान हलवली. तशीच, तितक्याच खात्रीने.

राकेशने वहीतली नऊ नावं पुन्हा वाचली. त्यातली कोणती खरी आणि कोणती आपण जुळवलेली, हे आता त्याचं त्यालाच सांगता येईना.

सपना चहा घेऊन आली. "किती झाल्या, भाऊ?" तिने विचारलं.